तेल कुठं जातं

सुगी सुरू होऊन अकरा दिवस झाले होते आणि इंजिनाखाली अंथरलेलं पोतं आजही तेलानं थबथबलं होतं. पुंडलिकानं ते दोन्ही हातांनी उचललं, गिरणीच्या मागं नेलं आणि धुणं पिळावं तसं पिळलं. काळं तेल मनगटावरनं कोपरापर्यंत ओघळलं. त्याची बायको अनुसया तिथंच भांडी घासत होती. वर न बघताच तिनं विचारलं, "किती?"

"काल होतं तेवढंच."

"म्हंजे तांब्याभर."

"तांब्याभर पोत्यात. गाळात, धुरळ्यात किती जिरलं ते निराळंच."

अळणावरच्या रस्त्यावर ही एकच भाताची गिरणी. गावात वीज येऊन चार वर्षं झाली होती, पण ती घाईतल्या पाहुण्यासारखी यायची, बसायच्या आत उठायची. म्हणून डिझेलचं इंजिन. हुबळीत कुणीतरी काढून टाकलेलं ते तीन सिलिंडरचं धूड मालक अप्पाजींनी उचलून आणलं, तेव्हापासून, म्हणजे नऊ वर्षं, ते पुंडलिकाच्या हाताखाली होतं. चालू करायचं, बंद करायचं, तेलपाणी बघायचं, पट्टा चढवायचा. अनुसया त्याच गिरणीत भात पाखडायची, कोंडा चाळायची आणि रात्रभर खोकायची. या सगळ्याच्या बदल्यात दोघांना रोजगार, आणि गिरणीच्या पाठीला चिकटलेली एक खोली.

इंजिनाच्या अंगावर तळहाताएवढी काचेची तबकडी होती. तिच्यातला काटा तेलाचा दाब दाखवायचा. तो चाळिसावर उभा असला की पुंडलिक निवांत बिडी ओढायचा. यंदा बिडी ओढायची सोय राहिली नव्हती. सकाळी काटा चाळिसावर असायचा. जेवणं झाली की नाचायला लागायचा. पस्तीस, वीस, दहा, परत तीस. दहाच्या खाली गेला की आत लोखंड लोखंडाला खातं, एवढं पुंडलिकाला नऊ वर्षांत कळलं होतं. तो इंजिन बंद करायचा. बंद केलं की बाहेर रांगेतल्या गाड्यांवरनं आरडाओरडा सुरू.

"पुंडलिका, आमचं भात पोत्यातच उगवून यायचं की रे!"

"उगवू दे की. परत कापा, परत आणा," पुंडलिक म्हणायचा. सुरुवातीला तो हसून म्हणायचा.

अप्पाजींचं दुकान हुबळीच्या बाजारात. दोन दिवसाआड ते फटफटीवरनं गिरणीला येत. त्या दिवशी आले ते सरळ तेलाच्या डब्यापाशी गेले, डबा हलवून बघितला.

"परवा भरलेला डबा. अर्धा?"

"गळूलालंय मालक. मागनंबी, बाजूनंबी."

"गळतंय ते पोत्यात दिसतंय. न दिसणारं कुठं जातं?"

"जळत असंल."

"जळलं तर धूर निळा येतो. मेस्त्रीला विचारून आलोय." अप्पाजींनी तपकीर ओढली, नाक पुसलं. मग गाडीवाल्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "गावात चार जणांचे पंप आहेत. पंपाला पण हेच तेल लागतं, नाही का रे?"

पुंडलिकाला लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा फटफटी नाल्यापलीकडं गेली होती.

*

हुबळीच्या कमरीपेठेतला गुरुराज मेस्त्री दुसऱ्या दिवशी बसनं आला. पिशवीत पाने, हातोडी, डबीत पान. आधी त्यानं चपला काढल्या. समोरच्या भिंतीवर यल्लम्माची नवी तसबीर होती, तिला हात जोडले. मग इंजिनाच्या मोठ्या चाकामागची वाकडी नळी शिवून तो हात कपाळाला लावला. खंडेनवमीला इंजिनाची पूजा झाली तेव्हा त्या नळीच्या तोंडावर देवीच्या ओटीतला हिरवा खण बांधला होता. वर हळदकुंकू, झेंडूची वाळून काळी झालेली माळ. गुरुराज धार्मिक माणूस. देवाच्या वस्तूला तो बाजूला करत नसे.

त्यानं मागचं सील बदललं. पाच दिवसांनी तेल पुढनं गळायला लागलं. परत आला, पुढचं बदललं. तेल बाजूच्या झाकणातनं यायला लागलं. तिथं नवं पॅकिंग घातलं. काटा नाचतोच आहे म्हटल्यावर तो म्हणाला, "काटा म्हातारा झालाय," आणि एका जुन्या लॉरीची तबकडी आणून बसवली. दुपारी तोही काटा नाचायला लागला.

सूप हातात घेऊन उभी असलेली अनुसया म्हणाली, "हा पण म्हातारा का वो, मेस्त्री?"

"अक्का, नीवु अक्की नोड्री," गुरुराज म्हणाला. "तुम्ही तुमचे तांदूळ बघा."

ती तांदूळ बघायला गेली. पुंडलिक तेल भरायचं टोपण उघडायला वाकला, आणि टोपण सुटलं तसा तेलाचा कढत फेस फुस्सकन वर आला. त्याचा उजवा हात मनगटापासून भाजला. गुरुराजनं स्वतःच्या हातानं खोबरेल लावलं, फुंकर घातली. माणूस वाईट नव्हता. पण तासाभरानं अप्पाजी आले आणि विचारलं, तेव्हा तो पिशवी आवरत म्हणाला, "सील नवं, पॅकिंग नवं, काटा नवा. माझ्या हातानं बसवलेलं गळत नाही. बाकीचं तुम्ही बघा."

बाकीचं म्हणजे पुंडलिक.

*

तेलाचा डबा उचलून मालकांच्या गावातल्या घरी गेला आणि फडताळात कुलपाआड बसला. घर चालवायची सरस्वतीअक्का, अप्पाजींची थोरली विधवा बहीण. रोज पहाटे पुंडलिकानं मागच्या दाराशी तांब्या घेऊन उभं राहायचं. अक्का डबा उंच धरून वरनं धार सोडायची, डब्याला तांब्या लागू नये म्हणून.

"कालचं काय केलंस?"

"इंजिनात ओतलं, अक्का."

"हूं. इंजिनात."

ताक मागायला आलेल्या दोन बायका शेजारी उभ्या असायच्या. त्यांना ताक आधी मिळायचं.

संध्याकाळी अनुसया आपल्या म्हशीसाठी कोंड्याचं गाठोडं घेऊन निघायची. त्या गाठोड्यात आता अक्काची सून गिरणीच्या दाराशी उभी राहून हात घालायची. कोंड्यात कोपरापर्यंत हात, मग गाठोड्याला नाक. "वास येतोय," ती एकदा म्हणाली. "येणारच की," अनुसया म्हणाली, "नवऱ्याचा हाय." सून लाजली आणि अजून चिडली.

बोलणं हळियाळपर्यंत पोचलं. तिथं त्यांची लेक सीता दिली होती. बाजारात सीतेचा सासरा भेटला. भाव विचारला, पाऊसपाण्याचं बोलला, आणि जाता जाता म्हणाला, "पावणं, तुमच्या इंजिनाचं कायतरी ऐकूलालोय." पुंडलिकानं हातातली भाजी तिथंच ठेवली आणि रिकामी पिशवी घेऊन चालत घरी आला. त्या दिवसापासून तो गाडीवाल्यांना उलट उत्तरं द्यायचा बंद झाला.

"नऊ वर्षं," तो एवढंच म्हणाला जेवताना. "आठ आण्याचा खिळा घरी नेला न्हाई मी."

"मला कश्याला सांगता?" अनुसया म्हणाली. "मला म्हाईत न्हाई व्हय?"

"मग कुणाला सांगू?"

तिनं भाकरी त्याच्या ताटात सारली. भाजलेल्या हाताची कातडी निघत होती. तो डाव्या हातानं घास मोडत होता.

*

सोमवारी बैल जुंपत नाहीत. गाड्या नाहीत, म्हणून गिरणी बंद. त्या सोमवारी अनुसयेनं चूल उकरून राख काढली, तांदळाच्या चाळणीनं चाळून सूपभर केली आणि गिरणीत आणून ठेवली.

"हे कश्याला?"

"धुवा आधी इंजिनाला. रॉकेलनं. पार कोरडं करा."

"मेस्त्रीनं चारदा खोलून बघितलंय."

"मेस्त्री पाचच्या बसनं जातोय. मी इंजिनाशेजारी दिवसभर बसते." ती बोटं मोडून सांगायला लागली. "सकाळी तुम्ही तेल भरता, तवा काटा गप असतो. जेवणानंतर नाचतो. त्या बुधवारी दुपारी परत भरलासा, तर दिवस बुडेपर्यंत गप होता. व्हय का न्हाई?"

पुंडलिक विचारात पडला. "व्हय."

"म्हंजे काटा खरं बोलूलालाय. तेल खाली गेलं की वारा ओढतंय आत. उन्हाळ्यात हापशी ओढते बघा, एकदा पाणी, एकदा फुस्स. तसं. काट्याला बदलून काय उपयोग? तेल कुठनं आणि कश्यानं जातं ते बघायचं."

दोघांनी मिळून इंजिन धुतलं. नऊ वर्षांचा थर निघाला, खाली मूळचा हिरवा रंग दिसला. मग तिनं मुठीनं राख घेतली आणि लहान पोराला न्हाऊ घातल्यावर पावडर लावतात तशी सगळ्या सांध्यांवर, झाकणांवर, बोल्टांच्या कडांवर थापली. इंजिन पांढरंफटक झालं. पुंडलिक इतक्या दिवसांनी हसला. "गोसावी झालाय."

त्यानं हँडल मारलं. इंजिन धडधडायला लागलं. अनुसया पोटावर झोपून खालनं बघत होती, पदर तोंडाला बांधून. पाव तास काही नाही. मग मागच्या सीलाशी राखेत एक काळा ठिपका उमटला, त्याची रेघ झाली. तिनं बोट दाखवलं. लगेच पुढं एक. मग बाजूच्या झाकणाच्या वरच्या कडेला, जिथनं तेल गळायचं कारणच नव्हतं. आणि मग तिनं पुंडलिकाचा पाय ओढला.

तेल मोजायची सळई आपल्या भोकातनं आपोआप वर येत होती. बोटभर आली. अनुसयेनं ती दाबून खाली बसवली. परत वर आली, आणि कडेनं फेस बुडबुडला.

"आतनं कोण ढकलूलालंय!" ती इंजिनाच्या आवाजावर ओरडली. "सगळी नवी सीलं एकाच टायमाला कशी मरतील? आत वारा कोंडलाय. वाट मिळंल तिथनं तेल घेऊन येतोय."

पुंडलिक सळईकडं बघत राहिला. मग त्याला काहीतरी आठवलं. "वाऱ्याला वाट हाय की. चाकामागची नळी. थंडीत मी तिच्यापुढं हात धरायचो, ऊब लागायची."

बोलता बोलता तो थांबला. दोघांनी एकदमच त्या नळीकडं बघितलं. तिच्या तोंडावर खण होता.

पुंडलिकानं इंजिन बंद केलं. गिरणीत एकदम एवढं शांत झालं की छपरावरच्या चिमण्या ऐकू आल्या.

"खंडेनवमीला," अनुसया हळू म्हणाली, "अक्कानं यल्लम्माची तसबीर आणून हितं लावली. ही नळी तेलाचे शिंतोडे उडवायची, देवीच्या तोंडावर. अक्का म्हणाली, 'मेल्याचं तोंड बांध गं.' मी ओटीतला खण घेतला. चार घड्या केल्या. सुतळीनं तीन गाठी मारल्या." ती आपल्या हातांकडं बघत होती. "गाठ माझी हाय वो."

"मी रोज बघत होतो तो खण," पुंडलिक म्हणाला. "रोज. देवाचा म्हणून हात लावला न्हाई."

विळ्यानं सुतळी कापावी लागली. खण सुटला तो कापड राहिला नव्हता; तेल आणि कोंडा बसून म्हशीच्या कातड्यासारखा झाला होता, नळीच्या तोंडाचा गोल ठसा घेऊन. पुंडलिकानं परत इंजिन चालू केलं. नळीनं मोकळा श्वास टाकला. सळई जागेवर बसली ती बसली. देवीवर शिंतोडे नकोत म्हणून अनुसयेनं डालड्याचा रिकामा डबा तारेनं नळीपुढं टांगला. एवढंच करायचं होतं, खंडेनवमीलाच.

*

मंगळवारी काटा चाळिसावर. बुधवारी चाळिसावर, दिवस बुडेपर्यंत. इंजिनाखालचं पोतं कोरडं. पुंडलिकानं ते उन्हात झटकलं आणि बिडी पेटवली. पहाटे मागच्या दारी तो तांब्या घेऊन गेलाच नाही, कारण तेल लागलंच नाही.

गुरुवारी अप्पाजी आले. बरोबर गुरुराज. सरस्वतीअक्काही देवीला फुलं घालायला आली होती. अप्पाजींनी पोतं बघितलं, काटा बघितला, आणि बहिणीकडं वळून म्हणाले, "बघितलंस अक्का? कुलूप लावलं, तेल टिकलं."

हे पुंडलिकाच्या ध्यानातच आलं नव्हतं. तीन दिवस तो आनंदात होता आणि हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"न्हाई मालक," तो म्हणाला, "कुलपाचं न्हाई. हे बघा." कोनाड्यात ठेवलेला तो काळा खण त्यानं आणला, नळी दाखवली, सळई कशी वर येत होती ते सांगितलं. सांगताना तो अडखळत होता, मधेच हातानं दाखवत होता. अनुसया मागनं एकेक शब्द पुरवत होती.

अप्पाजी गुरुराजकडं वळले. "मेस्त्री?"

गुरुराजनं खण हातात घेतला, उलटा केला. तो गोल ठसा बघितला. त्याचं पान चावायचं थांबलं. क्षणभर अनुसयेला वाटलं, सुटलो.

"खणानं कुठं इंजिन गळतं काय?" गुरुराज म्हणाला, खणाकडं बघतच. "शेवटचं पॅकिंग बसायला चार दिवस लागतात. बसलं, म्हणून थांबलं."

"आणि देवीचा खण सोडलास कुणाला विचारून?" सरस्वतीअक्काचा आवाज चढला. "तेलाचं ते तेलाचं, वर देवीवर आळ घेतोस?"

"तुम्हीच म्हणलासा न्हवं अक्का, तोंड बांध म्हणून," अनुसया म्हणाली.

"मी? मी पूजेचा खण बांध म्हटलं. कुठं बांधायचा ते इंजिनवाल्याच्या बायकोला कळू नये?"

गाडीवाले पोत्यांवर बसून ऐकत होते. अप्पाजींना हुबळी गाठायची घाई होती. त्यांनी हात वर केला. "हे बघ पुंडलिका, नऊ वर्षं आहेस तू. मला वाढवायचं नाही. उद्या शुक्रवार. देवीपुढं तप्पु-काणिके, चुकल्याची भेट, ठेव, नारळ दे, चूक झाली म्हण. मिटलं. कोण काय बोलणार नाही. नसेल ठेवायची, तर खोली मोकळी कर. अळणावरचा एक जण विचारतोय."

"कुठली चूक म्हणू?"

"ते तुला ठाऊक."

बसच्या वाटेवर गुरुराज पुंडलिकासाठी थांबला होता. चपलेनं माती उकरत कानडीत म्हणाला, "निंदु खरे अद." खरं तुझंच आहे. मग मराठीत, "पण चार खेपा आलो मी. चार वेळा खोललं. आता कोणत्या तोंडानं सांगू?" त्यानं डबीतलं पान पुढं केलं. पुंडलिकानं घेतलं नाही. पण शिवीही दिली नाही. हे गुरुराजला जास्त लागलं असावं. तो बस येईपर्यंत पाठ करून उभा राहिला.

*

"मी ठेवणार न्हाई," पुंडलिक घरी येऊन म्हणाला. "खोली जाऊ दे. काणिके ठेवली की सीतेच्या सासऱ्यापुढं मी चोर. मरेपर्यंत चोर."

खोली गेली तर म्हैस कुठं बांधायची, सुगीच्या मधोमध कोण ठेवून घेणार, चाळिशी उलटलेल्या, हात भाजलेल्या माणसाला कुठली गिरणी मिळणार, हे सगळं अनुसयेनं मनात फिरवलं. आणि फिरवता फिरवता तिला एक वाट दिसली. चूक झाली होती की. गाठ तिची होती. तिच्या गाठीनं देवीचा खण नासला, इंजिन गुदमरलं, नवरा बदनाम झाला. काणिके तिनं ठेवायची. खोटं काहीच नव्हतं त्यात. मालकांना नारळ मिळेल, देवीला खरं कळेल, आणि पुंडलिकाला वाकावं लागणार नाही.

शुक्रवारी ती न्हाली, धुतलेलं लुगडं नेसली. पुंडलिक गिरणीत गेल्यावर नारळ घेऊन अक्काच्या घरी गेली. देवघरापुढं नारळ ठेवला, डोकं टेकलं. मनात म्हणाली, आई, गाठ मी मारली. मला न कळता मारली. पोटात घाल.

उठली तेव्हा अक्काचे डोळे पाणावले होते. तिनं स्वतः नारळ फोडला, अनुसयेच्या कपाळाला कुंकू लावलं. "बाई शहाणी, म्हणून घर राहतं," ती म्हणाली. "चल, सगळ्यांना प्रसाद वाटू."

"सगळ्यांना कश्याला, अक्का?"

पण अक्का ताट घेऊन उंबऱ्याबाहेर पडलीसुद्धा होती.

गिरणीत पाच गाड्या लागल्या होत्या. अक्का प्रत्येकाच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवत गेली आणि प्रत्येकाला सांगत गेली, मायेनंच सांगत गेली, "पुंडलिकाच्या बायकोनं काणिके ठेवली. तेलाचं मिटलं बरं का. आता कुणी त्याला काही बोलायचं नाही."

"कोण बोलतोय अक्का," एक गाडीवान खोबरं चावत म्हणाला. "माणूस हाय, चुकतंय."

अनुसया मागोमाग दारात आली. आपण देवीपुढं काय बोललो ते ओरडून सांगावं म्हणून तिनं तोंड उघडलं, तर कोंडा घशात गेला आणि तिला खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत अक्का इंजिनापाशी पोचली होती.

पुंडलिकानं ते सगळं ऐकलं होतं. अक्कानं पुढं केलेला तुकडा त्यानं सवयीनंच उजव्या हातावर घेतला, खाली डावा हात धरून. मग तो बायकोकडं बघत राहिला. ती धावत त्याच्याजवळ आली.

"काय म्हणलीस देवीपुढं?"

"गाठ माझी म्हणलं. तेवढंच. तुमचं नावसुद्धा काढलं न्हाई वो."

"मोठ्यानं म्हणलीस?"

तिचे ओठ हलले, शब्द इंजिनाच्या आवाजात गेले. त्याला ऐकायची गरज पडली नाही.

प्रसाद खाली ठेवता येत नाही. सगळ्यांनी खाल्ला होता, आणि सगळे बघत होते. खोबऱ्याच्या पांढऱ्या तुकड्याला त्याच्या बोटांचं काळं तेल लागलं होतं. काटा चाळिसावर निश्चल उभा होता. इंजिन इतकं सरळ चाललं होतं की त्याच्याकडं बघायचं निमित्तसुद्धा उरलं नव्हतं.

पुंडलिकानं तुकडा तोंडात घातला. बराच वेळ चावला.

"गोड आहे न्हवं?" अक्कानं विचारलं.

"हाय, अक्का," तो म्हणाला, आणि अनुसयेला हातानं बाजूला सारून पुढचं पोतं ओढायला गेला.